बरणीत दिसलेला डोस

अंबरनाथच्या एमआयडीसीत ए. व्ही. प्रोसेसर्स नावाचा एक गॅमा विकिरण प्रकल्प आहे. सिरिंज, गॉज, हातमोजे अशा वस्तू खोक्यात बंद असतानाच कोबाल्ट-६० च्या किरणांनी निर्जंतुक करणारा हा उद्योग. अशा वस्तूंसाठी सर्रास वापरला जाणारा डोस आहे २५ किलोग्रे, म्हणजे २५,००० ग्रे. कॅन्सरच्या पेशंटला मात्र रोजच्या एका वेळेला बहुधा २ ग्रे दिले जातात. आणि चार-साडेचार ग्रे एकाच वेळी सगळ्या शरीराला बसले, तर उपचारांअभावी निम्मी माणसं दगावतात. एकक तिन्ही ठिकाणी तेच.

हे तीन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले. घर बदलापूरला, कॉलेज उल्हासनगरला, एम.एस्सी. फिजिक्सची परीक्षा नुकतीच झालेली. रेडिऑलॉजिकल फिजिक्सच्या डिप्लोमासाठी अर्ज करण्याआधी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या भौतिकी विभागात मी शिकाऊ म्हणून जाऊ लागले होते. किरणांचं गणित मला येत होतं. पण डोस म्हणजे नेमकं काय, तो शरीरात कुठे जाऊन बसतो आणि तो बसला हे कळतं कसं, याचा काहीच अंदाज येत नव्हता.

व्याख्या सोपी आहे. एक किलो पदार्थाने किरणांतून एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. २ ग्रेने पाण्याचं तापमान किती वाढेल याचं गणित केलं, तर उत्तर आलं जेमतेम अर्धा सहस्रांश अंश. साध्या थर्मामीटरला याचा पत्ताही लागणार नाही. इतकी सूक्ष्म उष्णता मोजणारी कॅलरीमीटर प्रमाण प्रयोगशाळांत असतात, पण ती रोजच्या कामाची नाहीत. मग एवढ्याशा ऊर्जेने गाठ विरघळते कशी? कारण ती नुसतीच उष्णता म्हणून सगळीकडे पसरत नाही. थेट रेणूंचे बंध तोडते. पेशीतलं पाणी फुटतं, त्यातून अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते डीएनएवर जाऊन आदळतात. शेक घ्यायला आलेल्या माणसाला टेबलावर काहीच जाणवत नाही. ना ऊब, ना वेदना. म्हणजे डोस कमी पडला किंवा जास्त झाला, तरी त्या क्षणी ना पेशंटला कळतं, ना मशीन चालवणाऱ्याला. ज्याची खूण डोळ्याला दिसत नाही आणि शरीराला कळत नाही, ते मोजलंच पाहिजे. विभागात पहिली गोष्ट माझ्या मनावर बिंबली ती ही.

मोजण्याची साधनं तिथे होती. सगळ्यात विश्वासाचं म्हणजे आयन चेंबर. पेन्सिलीच्या टोकाएवढी पोकळी, तिच्यात हवा. किरणांनी हवेत विद्युतभार तयार होतो, तो मोजायचा आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २००० सालच्या टीआरएस-३९८ या नियमावलीप्रमाणे त्याचं पाण्यातल्या डोसमध्ये रूपांतर करायचं. पाण्याच्या टाकीत चेंबर १० सेंटिमीटर खोल ठेवून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला पहिलं माप घ्यायला लावलं. आकडा अपेक्षेप्रमाणे आला. मी खूश झाले. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. पण हे कुठलं उत्तर आहे, सांग."

"टाकीतलं."

"टाकीतलं नाही. टाकीतल्या एका जागेचं. दोन सेंटिमीटर बाजूला काय चाललंय, हे या चेंबरला विचारून उपयोग नाही."

पूर्वी किरणांचे झोत चौकोनी, सरळसोट असायचे. एका बिंदूचं माप बरोबर आलं की बाकीच्या जागांचा हिशेब ठामपणे करता यायचा. आताचे झोत धातूच्या पातळ पट्ट्यांनी क्षणाक्षणाला आकार बदलतात, मशीन पेशंटभोवती फिरतं, आणि डोस गाठीच्या आकाराला अक्षरशः बिलगून बसतो. गाठ मज्जारज्जूला वेढून वाढलेली असेल, तर डोसही रज्जूला वळसा घालून इंग्रजी ‘सी’च्या आकारात द्यावा लागतो. आत काही मिलिमीटरवर मज्जारज्जू; तिथे डोस झपाट्याने उतरला पाहिजे. उतरला की नाही, हे एका बिंदूवरून सांगता येत नाही. फिल्म ठेवली तर एका पातळीतलं चित्र मिळतं, पण शरीराला लांबी-रुंदीबरोबर खोलीही असते. गाठीला मिळणारा डोस ठरवलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक इकडेतिकडे होऊ नये, असं आयसीआरयू या किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९७६ च्या अहवालापासून मानलं जातं. ही अट तिन्ही दिशांनी पाळली गेली का, हे तपासायला तिन्ही दिशांनी मोजणारा पदार्थ हवा. मला दिलेलं काम त्याच पदार्थाचं होतं: जेल डोसिमीटर.

वाचायला बसले तेव्हा या विषयाची मुळं बरीच मागे जातात हे कळलं. ह्यूगो फ्रिके या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये स्टर्न मॉर्स यांच्यासह दाखवून दिलं, की गंधकाम्लातल्या हिराकसाच्या द्रावणावर किरण पडले की फेरस लोहाचं फेरिक लोह होतं, आणि किती झालं यावरून डोस काढता येतो. फ्रिकेचं द्रावण आजही एक भरवशाचं प्रमाण मानलं जातं. पण ते साधारण ४० ग्रेच्या वरच्या डोसांसाठी. उपचारात लागणाऱ्या लहान डोसांपर्यंत पोहोचायला ते अधिक संवेदनशील करावं लागतं. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. बी. एल. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नेमकं हेच केलं. त्यांनी त्यात बेंझॉइक ॲसिड आणि झायलेनॉल ऑरेंज घातलं. एफबीएक्स डोसिमीटर या नावाने ते जगभर ओळखलं जातं. बदलापूरहून लोकलने निघालं तर दोन-अडीच तासांत गाठता येईल अशा ठिकाणी हे काम झालं, आणि आमच्या अख्ख्या वर्गात ते कुणाला माहीत नव्हतं, याची मला रुखरुख लागून राहिली.

द्रवाची अडचण अशी, की तो हलतो, मिसळतो; कुठे किती डोस पडला याची आठवण ठेवत नाही. १९८४ मध्ये गोर, कांग आणि शुल्झ यांनी सुचवलं, की फ्रिकेतलं फेरिक लोह आजूबाजूच्या पाण्याचा चुंबकीय स्वभाव बदलतं, म्हणजे एमआरआयने त्याचं चित्र काढता येईल. आणि द्रावण जेलमध्ये बांधलं तर ते जागेवर राहील. कल्पना विलक्षण होती. पण लोहाचे आयन जेलमध्येही हळूहळू सरकत राहतात आणि काही तासांत चित्राच्या कडा पुसट होतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मारियान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. जिलेटिनमध्ये छोटे रेणू, म्हणजे मोनोमर, विरघळवायचे. किरण पडतील तिथे ते एकमेकांना जोडून पॉलिमर होतात. पॉलिमरचे कण मोठे, जिलेटिनच्या जाळीत अडकलेले. ते जागा सोडत नाहीत.

इथवर समजलं. पण किरणांनी रेणू एकमेकांना जोडले कसे जातात, आणि प्रत्येक शोधनिबंधात ऑक्सिजनचा एवढा धाक का, हे काही केल्या उमगेना. ते उमगलं अंबरनाथला, माझ्या काकांकडे. काकांनी उभं आयुष्य एमआयडीसीतल्या रेझिनच्या कारखान्यात काढलं. मी करणार होते त्या जेलमध्ये मेथाक्रिलिक ॲसिड होतं. नाव ऐकताच काका सावरून बसले.

"अगं, ते थंडीत ड्रममध्ये गोठतं. सोळा अंशांच्या खाली गेलं की झालं. गोठलं म्हणून कुणी घाईने एका बाजूला वाफ लावली, तर एका जागी तापतं आणि रेणू रेणूला धरत सुटतो. त्यातून आणखी उष्णता, मग आणखी वेग. ड्रम फुटतो. म्हणून त्यात इनहिबिटर घालूनच माल येतो."

"म्हणजे इनहिबिटर असला की निर्धास्त?"

"नाही ना! ड्रम काठोकाठ भरायचा नाही. वर हवा ठेवायची. हवेतला ऑक्सिजन नसेल तर तो इनहिबिटर काही कामाचा नाही. नायट्रोजन मारून बंद केलेला ड्रम धोक्याचा, हवा असलेला बरा. नवीन पोरांना हे उलटं वाटतं."

मलाही उलटंच वाटलं. आणि मग एकदम उलगडलं. साखळी सुरू होते ती एखाद्या तुटलेल्या, मोकळ्या टोकाच्या रेणूपासून. कारखान्यात हे टोक उष्णतेने तयार होतं. माझ्या जेलमध्ये ते किरणांनी फोडलेल्या पाण्यातून तयार होणार. ऑक्सिजन त्या मोकळ्या टोकाला आधी जाऊन चिकटतो आणि साखळी तिथेच थांबते. काकांना साखळी थांबवायची होती, म्हणून त्यांना हवा हवी होती. मला ती चालू द्यायची होती, म्हणून मला हवा नको होती. रसायन एकच, गरज उलटी. पुस्तकातल्या कितीतरी पानांनी जे झालं नाही, ते काकांच्या चार वाक्यांनी झालं.

सुरुवातीची पॉलिमर जेलं म्हणूनच नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत करावी लागत. २००१ मध्ये फाँग आणि सहकाऱ्यांनी मॅजिक नावाचं जेल मांडलं, जे उघड्या हवेत, साध्या प्रयोगशाळेत करता येतं. युक्ती अशी, की जेलमध्येच ऑक्सिजन खाऊन टाकणारी जोडी घालायची: ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, आणि मोरचूद. एक लिटर जेलला ८२८ मिलिलिटर पाणी, ८० ग्रॅम जिलेटिन, ९० ग्रॅम मेथाक्रिलिक ॲसिड, २ ग्रॅम हायड्रोक्विनोन, अवघं ०.३५२ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि ०.०२ ग्रॅम मोरचूद. शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. लिटरभर पदार्थाचा सगळा भरवसा मोरचुदाच्या चिमटीहूनही कमी पुडीवर.

जेल ठेवायला भांडं हवं होतं. मुंबईहून बदलापूरला परतताना मी उल्हासनगरला उतरून कॅम्प दोन आणि तीनच्या बाजारात हिंडले. प्लॅस्टिकच्या बरण्यांनी भरलेली दुकानंच्या दुकानं. एका सिंधी काकांनी झाकण घट्ट लावून, बरणी उलटी करून दाखवली. "एकदम एअरटाइट है, बेटा." पाण्यासाठी ती होतीच. पण नेहमीच्या पातळ प्लॅस्टिकच्या भिंतींमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. डोळ्याला बरणी बंद दिसते, ऑक्सिजनला ती उघडी असते. मग काचेच्या बरण्या पाहिल्या. त्यांना पत्र्याचं झाकण. एमआरआयच्या खोलीत पत्रा चालत नाही. चुंबक ते झाकण बरणीसकट खेचून घेईल. शेवटी काचेचंच घासून बसवलेलं बूच असलेली, प्रयोगशाळेत रसायनं ठेवायची बाटली घेतली.

जेल करायचा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. जिलेटिन थंड पाण्यात टाकलं की ते लगेच विरघळत नाही. दाणे पाणी पितात, फुगतात, एकमेकांना धरून जाडसर लगदा होतो. मग हळूहळू ५० अंशांपर्यंत तापवायचं आणि ढवळत राहायचं. घाईने ढवळलं तर फेस येतो, आणि त्यातला प्रत्येक बुडबुडा पुढे एमआरआयच्या चित्रात काळा डाग होतो. म्हणून ढवळणं संथ. लगदा सैल होत जातो, ढगाळपणा निवळतो, आणि फिकट पिवळसर, आरपार दिसणारा द्रव तयार होतो. त्यात हायड्रोक्विनोन गेलं. मग द्रव शरीराच्या तापमानाच्या आसपास निवू दिला आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, मोरचुदाचं द्रावण आणि शेवटी मेथाक्रिलिक ॲसिड घातलं. हे काम हातमोजे आणि गॉगल घालून, धूर ओढणाऱ्या कपाटात. तरीही तो उग्र, आंबूस, नाकात चरचरणारा वास आला आणि काकांच्या कपड्यांना वर्षानुवर्षं येणारा वास मी तिथे ओळखला. बाटली काठोकाठ भरली, बूच बसवलं, भोवती फीत गुंडाळली, प्रकाश लागू नये म्हणून फॉइल लावली आणि ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवली. त्याच घाण्याचं जेल लहान लहान काचेच्या नळ्यांतही भरलं. या नळ्या मोजपट्टी म्हणून लागणार होत्या.

पुढचा टप्पा पेशंटच्या उपचाराचाच होता, फक्त पेशंटच्या जागी बाटली. आधी बाटलीचा सीटी स्कॅन. मग संगणकावर उपचाराचा आराखडा: मध्ये वाचवायचा गोल गाभा, भोवती ‘सी’च्या आकारात डोस. मग लिनॅकच्या, म्हणजे किरण देणाऱ्या मशीनच्या, टेबलावर बाटली लेसरच्या रेषांना जुळवून ठेवली, दार बंद केलं आणि किरण सोडले. नळ्यांना मात्र एकेक ठरलेला, चेंबरने पडताळलेला डोस दिला: एकीला काहीच नाही, पुढचीला थोडा, त्यापुढचीला आणखी.

किरण देऊन बाटली बाहेर काढली तेव्हा तिच्यात पांढरट झाक दिसू लागली होती. पुढच्या काही तासांत ती गडद होत गेली. दुसऱ्या दिवशी फॉइल सोडली आणि मी थबकले. पारदर्शक जेलच्या आत, भिंतीला कुठेही न टेकता, खरवसासारखा घट्ट पांढरा ‘सी’ उभा होता. त्याच्या पोटातला गाभा धूसर, पण पलीकडचं अंधुक दिसावं इतका निवळ. बाहेरच्या बाजूला, जिथून झोत आत शिरले होते, तिथे फिके पट्टे. पेशंटच्या शरीरात जे कधीच दिसत नाही ते इथे हातात धरून, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येत होतं. कड कुठे तीव्र आहे, कुठे सैल आहे, गाभ्याच्या कुठल्या बाजूला धूसरपणा जास्त आहे, हे आकड्यांआधी नजरेला कळत होतं.

बुचाखाली मात्र जेल जवळजवळ स्वच्छ राहिलं होतं, जरी तिथून एक झोत गेलेला होता. बुचाच्या घासलेल्या कडेतून आत गेलेल्या ऑक्सिजनने तिथली साखळी थांबवली होती. काकांनी सांगितलेली गोष्ट बाटलीच्या गळ्याशी स्पष्ट लिहिल्यासारखी दिसत होती.

पण पांढरेपणा म्हणजे माप नव्हे. माप एमआरआयकडून घ्यायचं होतं. आणि इथे माझा दुसरा मोठा गोंधळ होता. गुडघ्याची लिगामेंट आणि मेंदूतली सूज दाखवणारं हे यंत्र डोस कसा दाखवणार? डोस म्हणजे काही पदार्थ नाही. किरण येऊन गेले, मागे उरलेलं नाही काही.

उत्तर पाण्यात होतं. एमआरआय पाहतं ते मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना, म्हणजे प्रोटॉन्सना. दीड टेस्लाच्या चुंबकात हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा गिरक्या घेतात. रेडिओलहरीचा ठोका दिला की ते सगळे एका तालात येतात आणि मग हळूहळू ताल सुटत जातो. ताल सुटायला लागणारा वेळ म्हणजे टी-टू. मोकळ्या पाण्यात तो लांब असतो. पाण्याचे रेणू पॉलिमरच्या कणाजवळ अडखळले की तो आखूड होतो. जिथे डोस जास्त तिथे पॉलिमर जास्त; जिथे पॉलिमर जास्त तिथे टी-टू आखूड. टी-टूचा व्यस्त घेतला की आर-टू, आणि मॅजिकसारख्या जेलमध्ये आर-टू डोसबरोबर बऱ्याच टप्प्यापर्यंत सरळ रेषेत वाढतो. डोस निघून गेलेला असतो, पण पाण्याच्या वागण्यात त्याची नोंद राहते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तंत्राचं जे पहिलं चित्र प्रसिद्ध केलं, तेही पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचंच होतं. पुढे २००३ मध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. माझ्या नळ्यांकडे पाहताना हे आठवून मला धीर आला.

एमआरआय आम्हाला मिळणार होतं ते पेशंट संपल्यावर, रात्री. बाटली आणि नळ्या मात्र दुपारीच त्या इमारतीत नेऊन ठेवल्या होत्या, कारण आर-टू तापमानावरही अवलंबून असतो. जेल बाहेरून थंड आणि आतून कोमट राहिलं, तर चित्रात डोस नसलेल्या जागी डोसाचा फरक दिसेल. रात्री टेक्निशियनदादांनी बाटली डोक्याच्या कॉइलमध्ये ठेवली, भोवती नळ्या रचल्या, फोमचे तुकडे लावून सगळं घट्ट बसवलं. एका ठोक्यामागून लागोपाठ अनेक प्रतिध्वनी घेणारा क्रम लावला. काचेपलीकडे यंत्राचा ठकठकाट सुरू झाला आणि पडद्यावर एकेक चित्र उतरू लागलं. पहिल्या चित्रात बाटली जवळजवळ सारखी उजळ. पुढच्या प्रतिध्वनीत ‘सी’ थोडा काळवंडलेला, त्यापुढे आणखी, आणि शेवटाकडे आजूबाजूचं जेल अजून उजळ असताना ‘सी’ पूर्ण काळा. नळ्याही त्याच क्रमाने विझत गेल्या, सर्वांत जास्त डोसवाली आधी, काहीच न मिळालेली शेवटी.

मग संगणकावर काम. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात उजळपणा कसा ओसरला त्याची वक्ररेषा काढायची, तिच्यातून आर-टू काढायचा. नळ्यांचे आर-टू त्यांच्या ठाऊक डोसांसमोर मांडले तेव्हा बिंदू सरळ रेषेत बसले. त्या रेषेने बाटलीतल्या प्रत्येक ठिपक्याचं ग्रेमध्ये रूपांतर केलं. तीन आकडे वहीत लिहून बसले होते तेव्हापासून जे मला हवं होतं ते समोर होतं: कुठल्या जागी किती ग्रे, असा पूर्ण नकाशा.

हा नकाशा आणि आराखड्याचा नकाशा एकावर एक ठेवले. तीन टक्के आणि तीन मिलिमीटरच्या नेहमीच्या कसोटीला मधला भाग उतरला. ‘सी’ची आतली कड, जिची सगळ्यात काळजी होती, ती जागेवर होती. बुचाखालचा थर उतरला नाही, आणि तो का उतरला नाही हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तो भाग हिशेबातून वगळला. मॅडमनी वहीत कारणासकट नोंद करायला लावली. माप जिथे विश्वासाचं नाही ते सांगणं हाही मापाचाच भाग आहे, हे तेव्हा शिकले.

जेल इतकं दाखवतं, तर प्रत्येक पेशंटसाठी का करत नाहीत, असं मला कळकळीने वाटलं आणि मी विचारलंही. कारणं खरी आहेत. जेल एकदाच वापरता येतं. प्रत्येक घाण्याचा स्वभाव किंचित वेगळा, म्हणून प्रत्येक वेळी नव्या नळ्या, नवी रेषा. रसायनं जपून हाताळावी लागतात; काही जुन्या जेलांमधलं ॲक्रिलामाइड तर मज्जासंस्थेला घातक आहे. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे एमआरआयचा वेळ. तपासणीसाठी ताटकळणाऱ्या पेशंटचा तास बाटलीला देणं कुणालाच पटणार नाही. म्हणून रोजच्या पडताळणीला चेंबर आणि शेकडो लहान डिटेक्टर बसवलेल्या पाट्या वापरतात. प्रकाशाने वाचता येणारी जेलं आणि प्लॅस्टिकही आली आहेत. आपल्याकडे वेल्लोरच्या व्हीआयटीत पॉलिमर जेलांवर संशोधन झालं आहे. जेल आणि एमआरआयच्या जोडीची खरी जागा आहे नवं मशीन किंवा नवं तंत्र पेशंटवर वापरण्याआधी. ते जे करतं असं सांगितलं जातं ते खरंच, तिन्ही दिशांनी करतं का, हे एकदा डोळ्यांनी आणि आकड्यांनी पाहून घेण्यासाठी. ही जागा छोटी असली तरी तिच्याशिवाय पुढचा सगळा विश्वास अर्धवट राहतो.

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या पेशंटनाही बसता येतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, सगळ्या फलाटांवर हातात फायलींच्या पिशव्या घेतलेली माणसं तो डबा शोधताना दिसतात. परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत किंवा आणखी कुठे, आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे. टाटा १९४१ पासून ही माणसं पाहत आलं आहे. ती डॉक्टरांवर विश्वास ठेवतात, आणि ठेवावाच. पण त्या विश्वासाच्या मागे मोजणारं माणूस असतं. ते त्यांना कधी भेटत नाही, त्याचं नाव फायलीवर ठळकपणे नसतं, आणि सकाळी पहिला पेशंट येण्याआधी त्याने मशीनचा डोस तपासलेला असतो. या कामाला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात, आणि आमच्या भागातल्या फिजिक्सच्या मुलामुलींपैकी फार थोड्यांना असं काही काम असतं याची कल्पना आहे.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांत फिजिक्स शिकणाऱ्यांना एक सांगणं आहे. एम.एस्सी. झाल्यावर बँकेच्या परीक्षा आणि कोडिंगचे क्लास एवढेच रस्ते नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा १९६२ पासून चालू आहे. त्याची माहिती घ्या, अर्ज करा. काही समजलं नाही तर शोधनिबंधांइतकंच आपल्या एमआयडीसीत काम केलेल्या काका-मामांनाही विचारा. त्यांना ठाऊक असलेलं रसायन पुस्तकात नसतं. आणि ज्यांच्या घरात कुणाची रेडिएशनची ट्रीटमेंट सुरू होणार आहे, त्यांनी आराखड्याची पडताळणी कोण करतं आणि ती कशाने करतात, हे निःसंकोच विचारावं. चांगला विभाग या प्रश्नाने रागावत नाही. तो तुम्हाला मापं दाखवतो.